रांजणभर सोने

एका राज्यात हेमकेतू नावाचा राजा होता. राज्य सुपीक, प्रजा सुखी, आणि राजा असा उदार की त्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतायला कसबच लागावे. पण त्या उदारपणाला एक खोड होती. कुणाचे उपकार त्याला क्षणभरही अंगावर ठेवता येत नसत. कुणी वाट दाखवली, की काढ हातातले कडे. कुणी घोडा धरला, की फेक गळ्यातला कंठा. ‘तुमचे आभार’ हे दोन शब्द त्याने जन्मात उच्चारले नव्हते. सोने दिल्यावर शब्दांचे काय काम, असे त्याला वाटे.

त्या राज्याच्या पश्चिमेला सहारा नावाचे महावाळवंट होते. एकदा राजा शिकारीच्या नादात तिकडे फार दूरवर भरकटला. तीन दिवस पाणी नाही. चौथ्या दिवशी एक एकाकी विहीर लागली, आणि विहिरीच्या काठावर ओल्या फडक्याने झाकलेला, काठोकाठ भरलेला रांजण. राजा पोटभर प्याला, उरलेले घोड्याला पाजले, आणि सवयीप्रमाणे अंगावरचे सगळे सोने त्या रांजणात ओतून घरी आला. ही गोष्ट तो दरबारात मोठ्या अभिमानाने सांगे. “ओंजळभर पाणी प्यालो आणि रांजणभर सोने देऊन आलो.” दरबारी माना डोलवीत.

परतल्याच्या आठव्या दिवशी राजाने चांदीचा पेला तोंडाला लावला आणि पेल्यातल्या पाण्याची वाळू झाली. विहिरीचे आणले, नदीचे आणले, पावसाचे झेलले. ओठाला लागले की वाळू. फळांचा रस तेवढा शापातून सुटला होता, कारण शाप देणाऱ्याला फळे आठवली नसावीत. रागात माणसाला सगळेच सुचते असे नाही. म्हणून राजा उसावर जगला, संत्र्यांवर जगला, शेवटी कलिंगडांवर जगू लागला. हंगाम सरला तेव्हा कोठीत चाळीस कलिंगडे उरली होती. दिवसाला एक. पुढे काय, हे राजवैद्याने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही.

राजाला एकच मुलगी, कुंदप्रभा. ती रोज स्वतः कलिंगड चिरी आणि बापाला भरवी. बाप तोंड मिटून खाई आणि खिडकीतून विहिरीकडे बघत बसे. ते बघणे तिला सोसवेना.

एका सकाळी ती राजवाड्याच्या तलावाकाठी रडत बसली होती. तेवढ्यात वाळूच्या रंगाचा एक पक्षी पाण्यात उतरला. त्याला पखुर्डी म्हणतात. त्याने पोटाची पिसे पाण्यात बुडवून चांगली भिजवून घेतली आणि तो उडायच्या बेतात थांबला.

“कुणासाठी नेतोस?” तिने विचारले.

“पिलांसाठी,” पक्षी म्हणाला. “घरटे वाळवंटात आहे. पिले माझ्या पिसांतून पाणी चोखतात. तू कुणासाठी रडतेस?”

“बापासाठी.”

“त्याचा शाप मला ठाऊक आहे. जिथे लागला तिथेच सुटेल. वाटेत दोन गावे आहेत. पहिल्या गावात पाणी पी, दुसऱ्या गावात खरे बोल. तिसरे काम विहिरीवर आहे. तिथे काय करायचे ते सांगायची वेळ आली, तर तुला ते जमले नाही असे समज.”

“वाट किती?”

“वीस दिवस जायला, वीस यायला.”

कोठीत चाळीस कलिंगडे होती. कुंदप्रभा त्याच दिवशी निघाली.

बारा दिवस ती उंटावरून चालली. आधी दगडांचे वाळवंट लागले, मग वाळूचे. सकाळी टेकड्या गुलाबी असत, दुपारी पांढऱ्या, संध्याकाळी हळदीच्या रंगाच्या. तेराव्या दिवशी खजुरांची राई दिसली आणि राईत मातीच्या घरांचे गाव. वेशीवर विहीर होती, शेजारी भरलेला रांजण, आणि रांजणाजवळ ताम्मू नावाची एक आंधळी म्हातारी सुपात खजूर निवडत बसली होती. हातांना जे कळे, ते तिला डोळ्यांवाचून पुरे.

“पी, मुली,” ताम्मू म्हणाली. “तुझ्या श्वासाला तहानेचा वास येतो आहे.”

कुंदप्रभा प्याली. पाणी इतके गार होते की तिच्या डोळ्यांत पाणी आले. मग बापाची लेक ती, तिने हातातली बांगडी काढून म्हातारीच्या सुपात ठेवली.

ताम्मूने बांगडी चाचपली आणि बिब्बा निवडावा तशी दोन बोटांनी उचलून परत केली. “आमच्याकडे पाण्याला असे करीत नाहीत. पोहरा त्या बाजूला आहे. रांजण भर.”

“मी प्याले ते कुणी भरले होते? त्याला तरी काही देते.”

“काल एक मिठाचा व्यापारी आला होता, त्याने. गेला तो. त्याच्यासाठी कुणा मेंढपाळाने भरले होते. या वाळवंटात कुणी आपण उपसलेले पाणी पीत नाही, मुली. मागचा भरून गेलेला असतो ते प्यायचे, आणि पुढच्यासाठी भरून निघायचे. पुढचा कदाचित दोर ओढायच्या अवस्थेत नसतो.”

कुंदप्रभा दोर ओढू लागली. राजकन्येचे हात ते, तिसऱ्याच पोहऱ्याला सोलले. म्हातारी आपल्या नादात बोलत होती. “इथून सात दिवसांवर एक विहीर आहे. तिथे कुणी तरी शहाणा रांजण रिता करून गेला आणि त्यात सोने भरून गेला. मागून अमास्तान आला. मोठा मांत्रिक तो. वाळूच्या टेकड्यांना जागच्या जागी बसवून ठेवायचा, म्हणून आमची गावे उभी होती. पण विद्येने तहान थोडीच भागते. सरपटत रांजणापाशी गेला, तोंड घातले, तर ओठांना सोने. शेवटच्या श्वासात त्याने शाप दिला आणि तो स्वतःच वाळूची टेकडी होऊन बसला. आता बाकीच्या टेकड्या मोकाट चालतात.”

पोहरा कुंदप्रभेच्या हातातून सुटून खाली गेला. जी गोष्ट ऐकून ती लहानपणच्या मैत्रिणींत मिरवली होती, ती हीच. तिला बोलायचे होते, पण लाजेने जीभ उचलेना. तिने पोहरा पुन्हा ओढला, रांजण काठोकाठ भरला, फडके ओले करून घातले आणि ती मान खाली घालून पुढे निघाली.

सोळाव्या दिवशी दुसरे गाव लागले. तिथे घरे दिसेनात, नुसती छपरे दिसत. रोज रात्री वाळूच्या टेकड्या जवळ येत आणि दारे वाळूत बुडत. रोज सकाळी माणसे धाब्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडत, खजुरीच्या पाल्याच्या टोपल्या घेत आणि वाळू उपसत. पण कुणीही आपले दार उपसत नव्हते. ज्याने त्याने शेजारचे दार धरले होते.

निळा फेटा तोंडावरून गुंडाळलेला एक उंच माणूस सर्वांना हाका मारीत होता. तो गावचा मुख्य, इदीर. त्याने विचारले, “पाहुणीबाई, कुठून आलात? कशासाठी आलात?”

कुंदप्रभेला पक्ष्याचे बोल आठवले. ती म्हणाली, “ज्याने रांजणात सोने भरले, त्याची मी मुलगी. तुमची दारे माझ्या बापामुळे बुडतात.”

टोपल्या थांबल्या. एका बाईने लेकराला जवळ ओढले. इदीर दोन पावले पुढे आला.

“तुमच्या वडिलांना आमची रीत ठाऊक होती का?”

“नव्हती. त्यांनी विचारली नाही.”

“ते जिवंत आहेत?”

“आणखी चोवीस दिवस आहेत.”

इदीरने एक टोपली उचलून तिच्या हातात दिली. “मग उभ्या का? ते तिसरे दार एका म्हातारीचे आहे. तिला आत उकडत असेल.”

कुंदप्रभा दुपारपर्यंत वाळू उपसत होती. म्हातारी दारातून बाहेर आली, तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती शेजारच्या दाराकडे टोपली घेऊन गेली. मग सगळ्यांनी निखाऱ्यांखालच्या वाळूत भाजलेली जाड भाकरी राख झटकून खाल्ली. निघताना इदीरने खजुरीच्या काथ्याचा नवा दोर, एक पोहरा आणि बकऱ्याच्या कातड्याची पखाल तिच्या उंटावर बांधली. ज्यांची घरे तिच्या बापाने बुडवली, ते तिला दोर देत होते. तिने हात जोडले. आभार मानायला तोंडात शब्द होते, पण ते फार थोडे वाटले.

विसाव्या दिवशी ती विहिरीवर पोचली. वाटेत वादळाने एक पूर्ण दिवस तिला उंटाच्या आडोशाला बसवून ठेवले होते आणि पखालीतले पाणी आदल्या सकाळीच संपले होते. विहिरीमागे ती टेकडी उभी होती, पहिलवान बसावा तशी. वारा लागला की टेकडीतून सूर येई, घशाला कोरड पडलेल्या माणसाने कण्हावे तसा. रांजणात बापाचे सोने झळकत होते. तिने ओळखीचा कंठा पाहिला, लहानपणी ज्यांच्याशी खेळली ती कडी पाहिली. तिने रांजण कलता केला आणि सगळे वाळूत ओतले.

मग दोर सोडला. विहिरीचा झराही वाळूने दाबला होता. दर खेपेला पोहऱ्यात जेमतेम दोन ओंजळी पाणी येई. सूर्य डोक्यावरून कलंडेपर्यंत ती ओढत राहिली, तेव्हा कुठे रांजण भरला आणि विहीर आटली. दोर रक्ताने ओला झाला होता. रांजणातून पाण्याचा गार वास येत होता.

तिच्यासाठी मागच्याने काहीच भरून ठेवलेले नव्हते. मागचा तिचा बापच होता.

ती रांजणावर वाकली. पाण्यात तिला आपले तोंड दिसले, ओठ फुटलेले. एक ओंजळ घेतली असती तर कुणी पाहिले नसते. पखुर्डी पक्षी विहिरीच्या काठावर येऊन बसला होता, पण तो चोच मिटून होता. कुंदप्रभेने पदर फाडला, भिजवला, रांजणावर झाकला आणि हाताला लागलेली ओल तिने वाळूला पुसली. मग टेकडीकडे तोंड करून ती म्हणाली,

“अमास्तान महाराज, रांजण भरला आहे. माझे वडील भरायला विसरले. उशीर झाला, क्षमा करा. प्या.”

एवढे बोलून ती खाली बसली, कारण आता उभे राहवत नव्हते.

टेकडीतला सूर थांबला. वाळू घरंगळू लागली. आधी खांदे दिसले, मग पांढरी दाढी, मग निळा झगा झटकीत एक म्हातारा उठून आला. त्याने फडके बाजूला केले आणि तो प्याला. घाई न करता प्याला. पिऊन झाल्यावर त्याने डोळे मिटले आणि म्हटले, “आहाहा.” चार महिन्यांची तहान होती ती.

मग त्याने पोहरा उचलला. “आता पुढची तू,” तो म्हणाला आणि विहिरीत डोकावून काही पुटपुटला. खाली झरा मोकळा झाल्याचा आवाज आला. त्याने रांजण भरला. कुंदप्रभा प्याली, आणि त्या पाण्याची गोडी तिला पुढे आयुष्यभर पुरली.

“तुझ्या बापाला शाप दिला तेव्हा माझी जीभ कोरडी होती,” अमास्तान म्हणाला. “बोललो ते खोटे नव्हते. पण फार बोललो. पखाल दे इकडे.”

त्याने स्वतः दोर ओढला, ज्याला शाप दिला त्याच्यासाठी पखाल भरली आणि तिचे तोंड बांधले. कुंदप्रभेने आपल्या वाटणीचा रांजण भरला. मांत्रिकाने वाळूतले एक जाड कडे उचलून रांजणावरच्या फडक्याच्या टोकाला बांधले, वाऱ्याने उडू नये म्हणून. त्या सोन्याचा तेवढाच उपयोग झाला.

परतताना इदीरच्या गावात दारे उघडी होती आणि लोक त्यांतून उगाचच ये-जा करीत होते.

कुंदप्रभा राजवाड्यात पोचली तेव्हा कोठी रिकामी होती. शेवटच्या कलिंगडाची अर्धी फोड राजाच्या ताटात पडली होती, आणि राजवाड्याची माळीण सारजा उशाशी बसून त्याला वारा घालीत होती. चाळीस दिवस फळे निवडून, सावलीत ठेवून, एकही कुजू न देता तिने राजाला जगवले होते.

कुंदप्रभेने पखाल बापाच्या ओठांना लावली. राजाने भीत भीत घोट घेतला. पाणी पाणीच राहिले. तो ढसाढसा रडू लागला.

“हे कुणी भरले?” त्याने विचारले.

“ज्याला तुम्ही सोने पाजलेत, त्याने,” मुलगी म्हणाली आणि तिने सगळी हकीकत सांगितली.

राजाचा हात सवयीने गळ्यातल्या हाराकडे गेला. तिथेच थांबला. मग तो हात खाली आला. पखालीत अजून निम्मे पाणी होते आणि राजाची तहान निम्मीही भागली नव्हती. त्याने पखाल सारजाबाईंपुढे धरली.

“सारजाबाई, तुमचे आभार,” राजा म्हणाला. “आधी तुम्ही घ्या.”

सारजाबाई गडबडल्या. राजाच्या हातून कसे प्यावे हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. पण राजाचे डोळे पाहून त्या प्याल्या. त्या पीत असताना राजा भिंतीच्या आधाराने उठला, जिना उतरून अंगणातल्या विहिरीवर गेला आणि त्याने रहाटाचा दोर धरला. सेवक धावले, तसे कुंदप्रभेने त्यांना अडवले. महाद्वाराशी एक रांजण ठेवला होता. चार वेळा दम खाऊन राजाने तो भरला. त्याचे हात सोलले, आणि त्या हातांकडे तो मोठ्या नवलाने बघत राहिला.

अजूनही त्या राज्यात दारोदारी रांजण आहेत. वाटसरूने फडके उचलावे, प्यावे, कुणी भरले ते विचारीत बसू नये. दोर शेजारीच असतो.