घंटा झाल्यावर खाली राहणारा

पूर्वी एक वृद्ध आचार्य नदीकाठच्या आश्रमात विद्यार्थ्यांना शिकवीत असत. त्यांची एक रीत मोठी विचित्र होती. पाठ चालू असो वा पंगत, मनात आलं की ते घंटा बडवत. मग हातातलं सोडून सर्वांनी मागच्या टेकडीवर पळायचं. भरल्या पानावरून उठू नये असं घरी शिकून आलेली मुलं तोंडातला घास तसाच घेऊन धावत. आचार्य मात्र खालीच राहत आणि बऱ्याच वेळाने धापा टाकत वर येत.

त्यांचा एक शिष्य फार हुशार होता. हुशार माणसाला संशयही जरा लवकर येतो. 'पूर येईल म्हणून सराव, हे ठीक. पण हे स्वतः खाली काय करतात?' त्याच्या बोचक्यात आईने दिलेलं चांदीचं फुलपात्र होतं. एकदा टेकडीवरून परतल्यावर बोचक्याची गाठ त्याला सैल वाटली. झालं! त्याचं अभ्यासातून लक्षच उडालं. आचार्य प्रेमाने बोलले, तरी त्याला त्यात काहीतरी काळंबेरं दिसे.

एके दुपारी ऐन पंगतीत घंटा झाली. आकाश निरभ्र, म्हणजे आजही सरावच असणार. सगळे टेकडीकडे धावले. हा निजायच्या खोलीत शिरून धान्याच्या कणगीमागे दडला. थोड्याच वेळात आचार्य आत आले. एकेक पांघरूण उचलून पाहू लागले, बोचकी बाजूला सारू लागले. 'सापडला चोर!' शिष्य मनात म्हणाला. तेवढ्यात त्याच्या पायांना गार लागलं. उंबऱ्यावरून गढूळ पाणी आत येत होतं.

तो किंचाळला. आचार्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. कमरेएवढ्या पाण्यातून दोघे कसेबसे टेकडीला लागले.

"पाऊस वर डोंगरात झाला होता," आचार्य म्हणाले.

शिष्याची मान वर होईना. "गुरुजी, मला वाटायचं, तुम्ही आमची बोचकी उचकता."

"उचकतोच की. त्यांच्याआड कुणी झोपलाय का, तापाने पडलाय का, रुसून बसलाय का, ते बघतो. आज तू निघालास."

शिष्याला रडू कोसळलं. त्याच्यापायी आज दोघेही वाहून गेले असते.

"चूक माझीही आहे," आचार्य हळूच म्हणाले. "तुम्हाला पळायला शिकवलं, मी का थांबतो, ते कधी सांगितलं नाही. कारण सांगितलं नाही, की माणूस आपल्या मनाने एक कारण रचतो. आणि ते बहुधा वाईटच असतं."

डोळे पुसत शिष्य म्हणाला, "पुढच्या वेळी तुम्ही आधी चढा. खाली मी पाहून येईन."

"ये. पण तू मागे का राहतोस, ते आधी सगळ्यांना सांगून ठेव."