कपाटाचा खालचा कप्पा

फार मागे एका बाजारपेठेच्या गावात, सार्वजनिक वाचनालयात, एक सागवानी कपाट होतं. मुरलेला दुकानदार गिऱ्हाईक जोखतो, तसं ते येणाऱ्याजाणाऱ्याला जोखायचं. रोज दुपारी एकच पुस्तक उघडून बसणारी जनाक्का त्याच्या लेखी सगळ्यांत पक्की वाचक होती.

एकदा ग्रंथपाल वत्सलाताईंनी चणे-गुळाचे डबे आणले आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडायला घेतला. कपाटानं दार गच्च आवळून धरलं.

“इथं ग्रंथ राहतात. गूळ ठेवला की उंदीर आलेच,” ते कुरकुरलं. “भुकेल्यांनी देवळात जावं.”

कोपऱ्यातला पाण्याचा रांजण म्हणाला, “दादा, तुझी ती पक्की वाचक पान कधी उलटते का रे?”

कपाटानं आठवून पाहिलं. तिच्या पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज त्यानं खरंच कधी ऐकला नव्हता.

“माझ्या पाण्यावर पोट भरते ती. देवळात रांगेत उभं करतात, चारचौघं बघतात. इथं ‘का आलात’ असं कुणी विचारत नाही, म्हणून ती येते.”

वत्सलाताईंनी पुन्हा ओढलं, तेव्हा दार अलगद उघडलं. डबे आत ठेवून त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “खालच्या कप्प्यातलं लागेल ते घ्या. परत आणायचं नाही.” आणि त्यांनी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

बऱ्याच वेळानं जनाक्का उठली. कप्प्यापाशी वाकली, मूठ भरून घेतली आणि जागेवर जाऊन बसली. कुणीच मान वर केली नाही.

मग त्या शांत खोलीत कपाटाला पान उलटल्याचा आवाज आला.