चार हातांची भिंत

एकदा एका मळ्यातल्या धाब्याच्या घरावरून दोन चुलतभावांची मने कलुषित झाली. पणजोबांनी बांधलेल्या त्या घराचा अर्धा भाग थोरल्याकडे, अर्धा धाकट्याकडे. वाटणीसाठी मापे घेतली तेव्हा दोघांच्या खोल्यांमधली भिंत चार हात जाड निघाली. शिवाय ठोकली की पोकळ वाजायची! झाले, प्रत्येकाला खात्री पटली की पलीकडच्याला आतले घबाड आणि चोरदार ठाऊक आहे. भिंत पाडण्यासाठी त्यांनी एका वृद्ध गवंड्याला बोलावले. बरोबर त्याचा शिष्यही आला.

शिष्याने वर पाहिले. धाब्याच्या साऱ्या तुळया त्याच भिंतीवर टेकल्या होत्या.

"बाबा, भिंत गेली तर घर बसेल," तो हळूच गवंड्याला म्हणाला.

बाबांनी भिंत एकदाच ठोकली आणि एकत्र ओतायला दोन्ही भावांकडे दीड-दीड पोते ज्वारी मागितली.

"माझी ज्वारी याच्या ज्वारीत कशाला मिसळता?" धाकटा तडकला.

"आणि माझी चांगली निवडलेली आहे," थोरला म्हणाला.

कुरकुर करत दोघांनी पोती दिली. बाबा धाब्यावर चढले, माती उकरून त्यांनी एक दगडी चीप सरकवली आणि तिन्ही पोती खालच्या काळोखात ओतली. आता मात्र शिष्याच्याही मनात पाल चुकचुकली. बाबांना ही जागा आधीपासून माहीत होती की काय?

खाली येऊन बाबांनी दोन्ही खोल्यांत भिंतीचा जमिनीलगतचा गिलावा खरवडला. दोन्हीकडे वीतभर भोक उघडले आणि दोन्हीकडे ज्वारी घरंगळत आली. दुसरे काही निघाले नाही. भाऊ ओशाळून अंगणात आले.

बाबा म्हणाले, "याला बळद म्हणतात. माझ्या आजोबांनी अशी पुष्कळ बांधली. धान्य वरून एकत्र भरायचे, खालून आपापल्या घरात काढून घ्यायचे. तुमच्या पणजोबांनी मुलांच्या चुली वेगळ्या केल्या, कोठार मात्र एकच ठेवले. पुढे कुणालातरी वाटले, पलीकडचा जास्त काढतो. त्याने आपल्याकडचे तोंड लिंपले. मग दुसऱ्यानेही लिंपले. आत काय आहे हे तुम्हाला सांगायला कुणी उरले नाही."

"पण बाबा," शिष्याने विचारले, "एकाने खरेच जास्त काढले, तर दुसऱ्याला कळणार कसे?"

"कळू नये म्हणूनच मध्ये भिंत आहे. ज्याच्या घरी खाणारी तोंडे जास्त, त्याने जास्त घ्यावे. भावापुढे हात पसरायची वेळ त्याच्यावर येऊ नये."

धाकट्याला पाच लेकरे होती. तो मान खाली घालून आत गेला. शिष्यालाही आपल्या शंकेची लाज वाटली. तो हत्यारे गोळा करू लागला.

निघताना थोरल्याने शिष्याला बाजूला घेतले.

"माझ्याकडची आणखी दोन पोती वर चढवून बळदात ओत," तो म्हणाला. "आणि हे बघ, धाकट्याला सांगू नकोस."