बेहड्यावर गेलेली ठमाई

डोंगरातल्या वाटांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभूळदरा नावाचं एक लहान गाव होतं. एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला कोकणात उतरणारा तुटलेला कडा. प्रत्येक घरामागं परस, परसात एखादं फणसाचं नाहीतर आंब्याचं झाड, आणि त्या झाडाला लागूनच रान सुरू व्हायचं. घर कुठं संपलं आणि रान कुठं लागलं, हे गुरांनासुद्धा कळायचं नाही.

त्या गावात ठमा राहायची. ठमा हाडं बसवायची. कुणी झाडावरून पडो, कुणाला बैल मारो, माणसाला झोळीत घालून ठमाच्या दारात आणायचे. ती डोळे मिटून नुसता हात फिरवायची. असं म्हणतात की, तिच्या बोटांना मोडलेल्या हाडाचं रडू ऐकू यायचं. मग ती एक झटका द्यायची, पाल्याचा लेप लावायची, कळकाच्या कांब्या बांधायची, आणि माणूस पुन्हा डोंगर चढायला लागायचा. आसपासच्या वाड्यांवर लंगडा माणूस दिसायचा नाही, असंही म्हणतात.

ठमाचा नवरा लवकर गेला होता. तिला एकच लेक, गौरा. गौराचं लग्न ठरलं होतं, हळद दळून झाली होती. हिरडा तोडायचे दिवस होते. गौरा बायांबरोबर रानात गेली, झाडावर चढली, आणि पायाखालची फांदी मोडली.

पोरीला झोळीत घालून ठमाच्याच दारात आणलं. ठमाने पाठीवरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. तिने लेप लावले, कांब्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. गौरा काही दिवस जगली. शेवटी म्हणाली, "आये, आता नको बांधूस. दुखतंय." ठमाने बांधणं थांबवलं, आणि पोर गेली.

त्या दिवसापासून ठमा मागच्या दारात, परसाकडं तोंड करून बसली ती बसलीच. चूल पेटवायचं तिला भान नसायचं. शेजारच्या घरून भाकरी यायची, ती कधी खायची, कधी कुत्री खायची. माणसं मोडके हात घेऊन यायची. ती म्हणायची, "माझे हात मेले. दुसरीकडं जा." दुसरीकडं जायला तरी कुठं होतं? गावातल्या चंद्रीचा नवरा धावजी कड्यावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. चंद्रीने ठमाच्या उंबऱ्यावर डोकं ठेवलं. ठमाने तिच्याकडं पाहिलंही नाही. धावजीचा पाय वाकडा जुळला आणि तो कायमचा लंगडा झाला. जांभूळदऱ्यातला तो पहिला लंगडा माणूस.

वर्ष सरत आलं. फाल्गुनात राबासाठी झाडं छाटायचे दिवस आले. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला जाळून जमीन भाजतात, तोच राब. ठमाचा धाकटा दीर सावळा कोयता घेऊन आला. परसातल्या फणसाची एक लांब फांदी थेट रानात गेलेली होती.

"वैनी, ही फांदी तोडू का?"

"तोड," ठमा म्हणाली. "झाड मुळासकट ने. माझं काय जातंय?"

सावळ्याने फांदी तोडली आणि ओढत नेली.

त्या तोडलेल्या फांदीवरून इतके दिवस रोज सकाळी एक शेकरू परसात यायचं. तांबूस अंग, फिकट पोट, हातभर झुपकेदार शेपूट. रानाच्या झाडावरून ते झेप घ्यायचं, फांदीवर उतरायचं, आणि फणसाची कोवळी कुयरी कुरतडत बसायचं. ठमाच्या डोळ्यांसमोर ते रोज यायचं आणि ठमाला ते दिसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेकरूने नेहमीसारखी झेप घेतली. रानातलं जनावर, पण रोजच्या वाटेवर तेही सवयीनेच चालतं. फांदी तिथं नव्हती.

ते दगडी बांधावर आपटलं. शेकरू कधी जमिनीवर उतरत नाही, जमिनीवर कसं पळावं हे त्याला ठाऊक नसतं. मागचा एक पाय लोंबत होता. ते पुढच्या पायांनी खुरडायला लागलं, आणि गावची कुत्री धावत आली.

असं म्हणतात की, वर्षभर न उठलेली ठमा तेव्हा अशी उठली, की दारातलं पाण्याचं मडकं लवंडलं. कुत्र्यांच्या मधोमध तिने स्वतःला झोकून दिलं. एका कुत्र्याने तिच्या दंडाला चावा घेतला. शेकरूने तिचं बोट चावून फोडलं. तिने ना कुत्र्याला मारलं, ना शेकरूला सोडलं. लुगड्याच्या ओच्यात त्याला गुंडाळून ती घरात आली आणि तिने दार लावलं.

मग तिने डोळे मिटले आणि हात फिरवला. मांडीचं हाड मोडलं होतं. तिने ते बसवलं. लेप लावला, कळकाच्या काडीएवढ्या कांब्या केल्या, आणि लुगड्याचा हिरवा काठ फाडून पाय बांधला. बांधताना तिचा हात पोटाला लागला. पोटावरची सडं सुजली होती, दाबली की दूध येत होतं.

ठमाला कळलं. ही लेकुरवाळी होती.

गावात बातमी फिरली. चंद्री तणतणत आली, तिच्या मागं गाव आलं.

"ठमाबाय, माझ्या धन्याचा पाय मोडला तवा तुझं हात मेलं हुतं," ती ओरडली. "आन् या झाडावरच्या जनावरासाठी जितं झालं व्हय?"

ठमाने मान खाली घातली. "मेलंच हुतं गं. आजबी मेलंच हायेत. पन ही फांदी मी तोडाय लावली. 'माझं काय जातंय' म्हनलं मी. हिचं गेलं."

चंद्रीला पुढं बोलायचं होतं, पण तेवढ्यात कुठूनतरी बारीक आवाज आला. तुटक, चिरका. ओच्यातलं शेकरू धडपडून उठलं आणि त्या आवाजाकडं खुरडायला लागलं.

कड्याच्या अगदी धारेवर एक बेहडा होता. गावातलं सगळ्यात उंच झाड. त्याची अर्धी मुळं मातीत, अर्धी दरीवर लोंबत होती. खोड गुळगुळीत, आणि पहिली फांदी घरांच्या आढ्यांहून कितीतरी वर. त्या शेंड्यावर काटक्यांचं गोल घरटं दिसत होतं. आवाज तिथून येत होता.

"कुनीतरी चढा रं," ठमा म्हणाली. "पिल्लू खाली आना. हिच्याजवळ ठेवते."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मधासाठी कड्यावर लोंबणारी ती माणसं, पण बेहड्यावर कुणी चढत नव्हतं. शेवटी सावळ्याने कमरेला दोर बांधला. तो अर्ध्यात गेला. वारा सुटला, झाड दरीकडं झुकलं, सावळ्याने खाली पाहिलं आणि तो उतरला. "वैनी, माझी लेकरं ल्हान हायेत," तो म्हणाला. ठमा त्याला म्हणाली, "बरोबर हाय तुझं. उतरलास ते ब्येस केलंस."

तो दिवस तसाच गेला. ठमाने शेकरूला पाणी पाजलं, आंब्याचा मोहर दिला. त्याने कशालाच तोंड लावलं नाही. ते दाराच्या फटीला नाक लावून पडून राहिलं. फटीतून तो बारीक आवाज येत होता, आणि हळूहळू आणखी बारीक होत होता.

सकाळी ठमाने शेकरूला ओच्यात बांधलं, लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि ती बेहड्याजवळ गेली. गाव धावत आलं. सावळ्याने तिचे पाय धरले. "वैनी, पडशील!"

"पडायचं भ्या ज्येला असतं त्येला असतं," ती म्हणाली आणि तिने खोडाला हात घातला.

असं म्हणतात की, त्या दिवशी बेहड्याने तिला वाट दिली. गुळगुळीत खोडाला तिच्या पावलांपुरत्या खाचा पडल्या आणि पाऊल उचललं की बुजल्या. असं म्हणतात की, वारा थांबला, आणि दरीतल्या घारी तिच्याभोवती फिरत वर वर गेल्या. खरं काय ते झाडाला ठाऊक. पण ती म्हातारी होत आलेली बाई शेंड्यापर्यंत पोचली, हे सगळ्या गावाने पाहिलं.

आवाज मात्र थांबला होता. कधी थांबला ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

खालून सावळा ओरडला, "वैनी, पिल्लू हाय का?"

"हाय," वरून उत्तर आलं.

खाली बाया हसायला लागल्या, कुणी हात जोडले. मग बऱ्याच वेळाने वरून पुन्हा ठमाचा आवाज आला, अगदी हलका.

"गार हाय."

ठमाने ओचा सोडला. शेकरू घरट्यात उतरलं. ते पिल्लाला चाटायला लागलं. पाठ चाटली, पोट चाटलं, उलटं करून पुन्हा पाठ चाटली. मग त्याच्याभोवती आपली शेपूट गुंडाळून ते निजलं. ठमा शेजारच्या फांदीवर बसली.

"आता खाली ये!" गाव ओरडलं. "मेलं न्हवं त्ये? मग तिथं काय करतीस?"

"ही उठली की येते," ठमा म्हणाली.

शेकरू उठलं नाही. ऊन चढलं, उतरलं. लोकांनी हाका मारल्या, शपथा घातल्या, गावदेवीची आण दिली. काहीजण चिडले, म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. शेवटी ज्याची त्याची कामं होती, एकेक जण घरी गेला. चंद्री गेली नाही. ती बेहड्याच्या बुंध्याशी बसली. तिने हाक मारली नाही, उतर म्हणाली नाही. नुसती बसली. लंगडत लंगडत धावजी भाकरी घेऊन आला, तीही तिने बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटली तेव्हा कोकणातून धुकं चढलं. असं दाट धुकं फाल्गुनात कुणी पाहिलं नव्हतं. शेंडा दिसेना, मग खोड दिसेना, मग चंद्रीला स्वतःचे हात दिसेनात. धुकं उठलं तेव्हा ऊन वर आलं होतं, आणि बेहड्यावर कुणीच नव्हतं. ना ठमा, ना शेकरू. घरटं होतं, त्यात ते पिल्लू होतं, आणि त्याच्यावर लुगड्याच्या हिरव्या काठाचा तुकडा नीट पांघरलेला होता. सावळा त्या दिवशी चढला. कसा चढला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

माणसं दरीत उतरली. दगड न् दगड शोधला. काही सापडलं नाही.

कुणी म्हणतं, ती दरीत गेली आणि वाघाने नेली. कुणी म्हणतं, शेकरूने तिला आपल्या वाटेने, शेंड्याशेंड्यांवरून, रानात नेलं, आणि तिथं गौरा होती. असं सांगितलं की लेकरं निवांत झोपतात, म्हणून सांगतात. चंद्रीला लोकांनी जन्मभर विचारलं. ती एवढंच सांगायची, "पडल्याचा आवाज न्हाई आला."

त्यानंतर जांभूळदऱ्यात हाडं बसवणारं कुणी झालं नाही. मोडलेले हात वाकडे जुळत राहिले. एका पावसाळ्यात कडा ढासळला, बेहडा दरीत गेला. तिथं आता काहीही नाही.

पण त्या गावात एक रीत अजून आहे. कुणा बाईचं मूल गेलं, की सुतक फिटल्यावर गावातली एक बाई तिच्या परसात जाते आणि तिच्याजवळ बसते. याला ठमाईला बसणं म्हणतात. बसणारी बाई धीराचं बोलत नाही, देवाची मर्जी म्हणत नाही, ऊठ म्हणत नाही, जेव म्हणत नाही. एक बाई दमली की दुसरी येते. पेरणी खोळंबते, गुरं हंबरतात, तरी जागा रिकामी ठेवत नाहीत. कधी ती आई उठते. कधी उठत नाही. सुनंदा नावाची एक होती, ती उठलीच नाही. तिच्याजवळ बाया पिढीभर आळीपाळीने बसत राहिल्या, आणि ती गेली त्या दिवशीही तिच्या शेजारी कुणीतरी बसलेलं होतं.