कोंबड्यांच्या दाण्यातली तांबडमुळी

पूर्वी शोणनगरीत वज्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला. सुदन्त हे त्याचे नाव. जखम पिकून चढणाऱ्या तापावर त्या काळी एकच औषध होते, तांबडमुळी. ती देण्याचा सुदन्ताच्या घराण्यातला रिवाज कडक होता. रोगी पाहिल्याशिवाय चिमूटभरही द्यायची नाही, आणि दिली की सातही दिवस वैद्याने स्वतः पाजायची. अर्धा मार खाऊन सुटलेला रोग पुन्हा त्या औषधाला भीत नाही, असे त्याचे वडील बजावत.

राजवाड्याच्या स्वयंपाकघरासाठी गोघक नावाचा माणूस कोंबड्या पाळी. शंभरांच्या खुराड्यात तो पाचशे डांबायचा. त्याने दाण्यात तांबडमुळीची पूड मिसळून पाहिली, तर त्या दाटीतही कोंबड्या आजारी पडेनात, वर लवकर गुबगुबीत होऊ लागल्या. राजा खूश झाला आणि रानातली बहुतेक मुळी खुराड्यांकडे जाऊ लागली. औषध पोटभर खायचा पदार्थ झाला, आणि कोणालाच त्याची लाज वाटली नाही!

तीन वर्षांनी रेवती सुदन्ताच्या दारी आली. ती गोघकाकडे कोंबड्या सोलायचे काम करी. सुरीने अंगठा कापला होता, आणि हात कोपरापर्यंत सुजला होता. सुदन्ताने जवळची मुळी सात दिवस पाजली. ताप हटेना.

"बाई, ही मुळी आधी कधी घेतली होतीस का?"

"नाही हो वैद्यबुवा. मी कधी अंथरूणच धरलं नाही."

सुदन्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईने मुळी चाखली नव्हती, पण तिच्या जखमेत शिरलेला रोग खुराड्यात रोज सकाळी मुळी पचवत आला होता. त्यातला दुबळा तेवढा मेला होता आणि चिवट तेवढा उरला होता. तिचा जीव वाचवायला सुदन्ताला तिचा उजवा हात कापावा लागला.

नगरात त्या दाण्याविषयी कुजबुज वाढली, तेव्हा राजाने त्याला बोलावून घेतले. रेवतीही मागोमाग गेली.

"दाणा निर्धोक आहे, एवढं सभेत सांग," राजा म्हणाला. "उद्यापासून तू राजवैद्य."

"महाराज, तो निर्धोक नाही."

तिथेच उभा असलेला गोघक हसला. "माझ्या कोंबड्या बघा की! एक तरी मलूल दिसते का?"

तेवढ्यात रेवती पुढे झाली. "महाराज, कोंबड्यांना ताप नव्हता. मला होता. माझं औषध त्यांना का घातलंत?"

उत्तर नसलेले राजे करतात तेच राजाने केले. त्याने सुदन्त आणि रेवतीला नगराबाहेर काढले, आणि खुराड्यांतला दाणा तसाच चालू राहिला. सुदन्त शेजारच्या राज्यात गेला. तिथल्या कोंबड्या साधा दाणा खात होत्या आणि तिथे मुळी अजून लागू पडत होती. मरेपर्यंत तो त्या मुळीवर पहारा देत राहिला.

एवढे सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची रेवती ती ही भिक्खुणी शीलमाला. गोघक तो हा धनिल, जो आता मान खाली घालून बसला आहे. सुदन्त वैद्य मीच होतो."

"आणि तो राजा, भन्ते?" एकाने विचारले.

"तो अजून पुष्कळ नगरांत राज्य करतो आहे."

हे म्हणताना शास्त्यांचा आवाज नेहमीसारखा शांत नव्हता. ही कथा सत्यपारमितेची आहे: राजवैद्याचे आसन समोर मांडलेले असताना 'निर्धोक' हा एक शब्द न उच्चारण्याची.