मुदत न घातलेली गाठ

“यातली माझी कोणती, बुवा?”

विद्याधर समाधीच्या जाळीपुढे उभा होता. जाळी लोखंडी, पुरुषभर उंच. तिच्यावर इतक्या दोऱ्यांच्या गाठी होत्या की लोखंड आता नावापुरतंच उरलं होतं.

घोंगडेबुवा ओट्यावर बसून शेंगा सोलत होते.

“बांधलीस तू. मला काय विचारतोस?”

“मला आठवत नाही.”

“मग मला कशी आठवेल? कुणी गाठ बांधायला लागलं की मी डोळे मिटून घेतो. लोक लाजतात.”

विद्याधरही त्या दिवशी लाजला होता.

तो कॉलेजात तर्कशास्त्र शिकवी. दर रविवारी टेकडीवरच्या मठात येई, बुवांशी द्वैत-अद्वैताच्या गोष्टी करी, आणि परत निघताना जाळीपाशी नवस बोलणाऱ्यांकडे बघून हळूच हसे. आपण शिष्य आहोत, मागणारे नाही, असं तो बुवांना वरचेवर सांगत असे. बुवांनी ते कधी नाकारलं नव्हतं. कबूलही केलं नव्हतं.

मठाची रीत साधी. इच्छा मनात धरायची आणि जाळीला दोरा बांधायचा. इच्छा पुरी झाली की ज्याने बांधला त्यानेच येऊन सोडायचा. शहाणी माणसं ओळखीसाठी दोऱ्यात काहीतरी ओवत. कुणी काचेचा मणी, कुणी बटण. एकाने तर चक्क कुलपाची किल्ली ओवली होती. त्याचं कुलूप तेव्हापासून कसं उघडतं, देव जाणे.

सातव्या महिन्यात शरयूच्या, म्हणजे विद्याधरच्या बायकोच्या, पोटात दुखायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडून राहा, बाळ इतक्यात यायला नको. त्या दिवशी तर्कशास्त्राचा प्राध्यापक एकटाच टेकडी चढला. इकडेतिकडे बघत त्याने गाठ मारली, मनात म्हणाला, ‘बाळ आत राहू दे,’ आणि धूम पळाला. खूण ठेवली नाही. ओळख पटू नये, हाच तर हेतू होता.

बाळ आत राहिलं.

आता दिवस भरून गेले, वर आणखी दिवस गेले, तरी ते आतच होतं. कधीपर्यंत राहू दे, ते विद्याधर सांगायला विसरला होता. विद्यार्थ्यांच्या पेपरात अशा चुकीला तो गुण देत नसे.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शरयू बसली होती. पाय फाकवून, एक हात कमरेवर, एक पोटावर. तिची आई, वत्सलाबाई, शेजारी उभी. बाहेर रिक्षा थांबली होती, आणि रिक्षात दवाखान्यात न्यायची पिशवी. निघाले होते ते दवाखान्यातच जायला. पोटातलं पाणी कमी होत चाललंय, आता थांबायचं नाही, सकाळी येऊन दाखल व्हा, कळा आणायचं औषध देऊ, असं डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं. अर्ध्या वाटेत विद्याधरने रिक्षा मठाकडे वळवली.

“अहो, चला ना आता,” शरयू म्हणाली.

“गाठ सुटल्याशिवाय कळा कशा येतील?”

“त्या औषधाने आणणार आहेत.”

“आणि गाठ तशीच असल्यामुळे औषध लागूच पडलं नाही तर?”

नवरा काय बोलतोय हे शरयूला कळत होतं. असं बोलणारा हा आपलाच नवरा, एवढंच कळत नव्हतं.

“जावईबापू,” वत्सलाबाई म्हणाल्या, “माझी चार बाळंतपणं झाली. कुणी जाळी धुंडाळत बसलं नव्हतं.”

“तेव्हा कुणी गाठ बांधली नव्हती, आई.”

“तेव्हा घरात इतकं शिकलेलं कुणी नव्हतं.”

शरयूचा फोन वाजला.

“काय गं, कळा येताहेत का काही?” फोनवर आत्या होती. मठ शांत, आत्याचा आवाज मोठा. सगळ्यांनी ऐकलं.

“नाही, आत्या.”

“चालतेस ना रोज?”

“हो.”

“अगं, चालू नकोस इतकी!”

“बरं.”

तिने फोन ठेवला. कळांचा हाच प्रश्न तिला दूधवाल्याने विचारला होता, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला होता, नवऱ्याच्या प्राचार्यांनीही विचारला होता. एकीने सांगितलं, तुपात खजूर खा. दुसरीने सांगितलं, खजुराला हात लावू नकोस. उकिडवी बसून फरशी पूस, असं एकीने सांगितलं, आणि तिच्याच सुनेने डोळ्यांनी ‘नको’ म्हणून खुणावलं. शरयू सगळ्यांना हो म्हणाली होती. पोटातलं मूल तेवढं कुणाचंच ऐकत नव्हतं.

“सगळ्याच सोडतो,” विद्याधर एकदम म्हणाला. “सगळ्या सोडल्या म्हणजे त्यात माझी आलीच.”

त्याने हाताला लागेल ती गाठ धरली आणि नखांनी उकलली. तिच्यात निळं बटण होतं.

“बटण कुणाचं?” बुवांनी विचारलं.

“ठाऊक नाही.”

“काय मागितलं होतं त्याने?”

“मला कसं ठाऊक असणार?”

“मिळालं का त्याला?”

“बुवा...”

“आणि सोडलीस.”

विद्याधरने घाईघाईने दोरा पुन्हा जाळीला लावला.

“आता बांधलीस तर ती कुणाची? त्याची की तुझी?”

हात जागीच थांबले. दोरा सोडवत नव्हता, बांधवतही नव्हता. निळं बटण चिमटीत धरून तो तसाच उभा राहिला.

“मग मी करू तरी काय?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते शरयूकडे वळले.

“पोरी, तू काय मागितलंस?”

“मी?”

“हो.”

“मला कुणी विचारलंच नाही, बुवा.”

“आता विचारतोय.”

शरयूने जाळीकडे पाहिलं, मग आपल्या पोटावरच्या हाताकडे.

“काल डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले,” ती म्हणाली. “घोडा धावल्यासारखे. घरी आले तर ते ऐकू येईनात. ते यंत्र दवाखान्यातच राहिलं ना. आज पहाटेपासून मी असा हात ठेवून बसलेय. बाळ हललं की बरं वाटतं. नाही हललं की... मला तिथे जाऊन झोपायचंय. ठोके ऐकायचेत. भीती वाटते मला. बाकी काही नको.”

...

जाळीवरचे मणी वाऱ्याने एकमेकांवर किणकिणले.

बुवा उठले. अंगावरच्या घोंगडीच्या काठातून त्यांनी लोकरीचा एक लांब धागा ओढून काढला.

“विद्याधर, हात दे.”

विद्याधरने तत्परतेने हात पुढे केला. अखेर बुवा काहीतरी करताहेत, असा त्याचा चेहरा झाला. बुवांनी धागा त्याच्या मनगटाभोवती आणि जाळीच्या गजाभोवती फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. त्याच्या चिमटीतलं निळं बटण काढून घेतलं, ओट्यावर ठेवलं.

“सापडली,” म्हणाले.

“कोणती?”

बुवांनी शरयूला हात देऊन उठवलं.

“जा पोरी. त्या बाई वाट बघत असतील.”

“आणि हे?”

“हे राहू दे आत.”

वत्सलाबाईंनी पुढचं काही ऐकलंच नाही. त्या केव्हाच रिक्षापाशी पोचल्या होत्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

शरयू दारापर्यंत गेली. मागे वळली.

“येताय?”

विद्याधरने मनगट जरासं उचलून दाखवलं.

“बुवांनी बांधलंय म्हणजे... काहीतरी असेल त्यात. तू हो पुढे.”

तिने त्या मनगटाकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पोटाखाली हात धरून सावकाश उंबरा ओलांडून गेली.

रिक्षा एकदा खोकली, मग सुरू झाली.

बुवा पुन्हा शेंगा सोलायला बसले.

“बुवा.”

“हं.”

“गाठ तर सुटली नाही. आणि ती गेली.”

“गेली.”

“मग कळा येतील?”

“ते त्या डॉक्टरीणबाई बघतील.”

“आणि मी बांधलेली गाठ?”

“ती जाळी बघेल.”

विद्याधर विचार करू लागला. विचार करणं हा त्याचा पेशा होता. बाळ गाठीमुळे आत राहिलं असेल, तर शरयूचं जाणं फुकट. गाठीमुळे राहिलं नसेल, तर सकाळपासून त्याचंच इथे थांबणं फुकट. दोन्हींतलं एक तरी खरं असायला हवं होतं. पण दोन्हींतलं कुठलंही खरं धरलं, तरी तो जाळीपाशीच उभा सापडत होता, आणि ती रिक्षात.

रिक्षा उताराला लागली. आवाज बारीक होत गेला.

त्याने मनगटाकडे नीट पाहिलं. धाग्याचे दोन वेढे होते. दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती.

“बुवा... याला गाठच नाही.”

“नाही.”

“नुसताच गुंडाळलाय.”

“हो.”

“मग मी...”

टेकडीखालच्या वळणावर रिक्षाने हॉर्न दिला. अजून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. विद्याधरने दाराकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. मनगट होतं तिथेच होतं.

“मी थांबू की जाऊ, बुवा?”

बुवांनी शेंगांची टरफलं बाजूला सारली. गुडघ्यावर हात टेकून उठले. जवळ आले, त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, किंचित वाकले, आणि काळजीने विचारलं,

“कळा येताहेत का काही?”