आईच्या सावलीचं भाषण

फार फार पूर्वी समुद्राकाठच्या एका राज्यात एक नाटककार राहत होता. त्याची पात्रं बोलू लागली, की धुक्यातली गलबतंसुद्धा ऐकायला थांबतात, असं लोक म्हणत.

त्या राज्यात एक रीत होती. उत्सवातले खेळ संपले, की राजाची माणसं दाराशी कान देऊन उभी राहत. ज्याची वाक्यं घोळवत लोक घरी जातील, त्याला सोन्याचं कडं मिळे. दरवर्षी ते आपल्या नाटककारालाच मिळे. आता तर त्याने हात उचलला, की खुळखुळा वाजल्यासारखं व्हायचं.

एका वर्षी राजाने फर्मावलं, "यंदा सावल्यांचा खेळ लिहा."

म्हणजे पांढरा पडदा, मागे दिवा आणि चामड्याच्या बाहुल्या.

नाटककाराने समुद्रावर गेलेल्या मुलाची आणि त्याची वाट पाहणाऱ्या आईची गोष्ट रचली. शेवटी मुलगा परततो आणि आई बोलू लागते. बोलतच राहते.

बाहुल्या नाचवणारा म्हातारा हात जोडून म्हणाला, "बुवा, माझी बाहुली चामड्याची. एवढं बोलली तर फाटेल हो!"

नाटककार फणफणत घरी आला. "याच भाषणावर यंदाचं कडं मिळायचंय, आणि हा मला शिकवतो!"

बायको भात वाढत होती. "अहो, एक विचारू? लेक इतक्या वर्षांनी दारात उभा, आणि आई भाषण करते?"

"मग काय करते?"

"जेवायला वाढते."

त्या जेवणात मीठ होतं की नाही, हे नाटककाराला कळलंच नाही. हात धुऊन तो उठला आणि त्याने सगळं भाषण खोडून टाकलं. कडं गेलं, हे त्याला ठाऊक होतं.

उत्सवात पडद्यावर आईची सावली एकटीच जेवायला बसली. इतक्यात धुकं सरकावं तशी दुसरी सावली आली. आई उठली. तिने शेजारी आणखी एक पाट मांडला. दिवा हळूहळू मंद झाला.

लोक झोपेत चालल्यासारखे बाहेर पडले. कुणी अक्षर बोलेना. कडं दुसऱ्याच कुणाला मिळालं.

नाटककार मान खाली घालून घरी निघाला. पुढे एक म्हातारी सुनेचा हात धरून चालली होती.

सून म्हणाली, "सासूबाई, ती आई तर काहीच बोलली नाही."

"बोलली की गं!" म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. "माझ्या मनातलं सगळं बोलली."

नाटककार जागीच थांबला. इतकं मोठं भाषण त्याने आजवर लिहिलं नव्हतं.

लहानथोर हो, लिहिणाऱ्याने योग्य जागी हात आवरला, की ऐकणाऱ्याचं मन आपणहून बोलू लागतं.